सरांचं भाषण

इंग्रजी विभागाच्या काव्यवाचन स्पर्धेला परीक्षक कोण, हा प्रश्न त्या कॉलेजात कधी कोणी विचारलाच नाही. सर निवृत्त झाले तरी दर वर्षी तेच यायचे. करडा कोट, छातीच्या खिशात दोन पेनं आणि पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची. मुलं त्यांना टरकून असत, कारण निकाल सांगण्याआधी सर एकेकाच्या उच्चारांची सालं काढत. पण ती अशा देखण्या इंग्रजीत काढत, की ज्याची निघाली तोही कान देऊन ऐकत बसे. शेवटी म्हणत, "विषय संपला. फुलस्टॉप." त्यावरून मुलांनी त्यांचं नाव फुलस्टॉप सर पाडलं होतं, आणि ते सरांना ठाऊक होतं.

त्या वर्षी वाचणारे वाचून गेले आणि सर निकाल सांगायला उभे राहिले. वाङ्मय मंडळाचं काम बघणारी प्राध्यापिका प्रमाणपत्रांचा गठ्ठा धरून बाजूला उभी होती. ती त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजात तिला सगळे मॅडम म्हणत. आत्या मात्र अजून चिमी म्हणायची, आणि वय पन्नाशीकडे झुकलं तरी त्या नावाने तिची पाठ सोडली नव्हती. आपणही तिला चिमीच म्हणू.

सरांनी माईक जवळ ओढला. पहिलं वाक्य नीट आलं. दुसरं अर्ध्यात अडलं. मग जे आलं ते शब्द नव्हते, शब्दांचे तुकडे होते. मुलांना वाटलं, सर कुणाची तरी नक्कल करून दाखवताहेत. दोघं-तिघं हसलीही. खरं सांगायचं तर क्षणभर चिमीलाही तसंच वाटलं. मग सरांच्या हातातलं पेन गळून पडलं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट, लहानपणच्या घरच्या भाषेत म्हणाले, "अगं, जरा पाणी दे. मला काही सुचेनासं झालंय."

त्या सभागृहात सरांच्या तोंडून ही भाषा कोणी कधी ऐकली नव्हती. चिमीलाही ती इतकी अनोळखी वाटली, की पाणी मागताहेत हे कळायलाच तिला वेळ लागला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. हात सुधारेल, चालणं सुधारेल. बोलण्याचं बघू. चार दिवसांनी वाचा-उपचार करणारी तरुण बाई चित्रांचा संच घेऊन आली. एकेक चित्र समोर धरून ती इंग्रजीत विचारायची, हे काय? सर चित्राकडे बघत, तिच्या ओठांकडे बघत आणि कपाळाला आठ्या घालत. तिने तेच घरच्या भाषेत विचारलं, तसे लगेच म्हणाले, "कात्री. धार गेलेली दिसतेय." छत्री आली, किल्ली आली, कुलूप आलं. सगळी नावं धडाधड.

बाहेर व्हरांड्यात ती बाई चिमीला म्हणाली, "असं होतं कधी कधी. मागाहून शिकलेली भाषा जाते आणि पहिली राहते. काही जणांचं उलटंही होतं."

"येईल ना परत?"

"थोडी येईल. किंवा नाहीही येणार. तुम्ही घरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत राहा."

चिमीने मान हलवली. तिची नेमकी हीच पंचाईत होती, पण ती त्या बाईला काय सांगणार?

सरांच्या आईवडिलांच्या घरी इंग्रजीचं एक अक्षर कोणाला येत नव्हतं. सरांनी ती भाषा अक्षरशः हाडाची काडं करून मिळवली होती. तिने त्यांना पद दिलं, मान दिला, बोलण्याची ऐट दिली. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलीला हे सगळं आयतं मिळावं म्हणून सरांनी फर्मान काढलं, की आजपासून या घरात इंग्रजीच बोलायचं. चिमीच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. ती शिकायला बसली. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून ती एकेक वाक्य म्हणायची. चुकली की सर वर न बघता म्हणत, "पुन्हा." असं काही वर्षं चाललं. पुढे पुढे आई बोलायचीच कमी झाली. स्वयंपाकघरात नळ सोडून, भांड्यांच्या आवाजाआड ती चिमीशी आपल्या भाषेत बोलून घ्यायची, एखाद्या चोरासारखी. आणि शाळेतून आलेली चिमी तिला उत्तर द्यायची ते इंग्रजीत. चिमी कॉलेजात असताना आई गेली. तिची भाषा चिमीच्या कानाला ओळखीची राहिली, जिभेवर मात्र कधी बसली नाही.

सरांना घरी आणलं त्याच दिवशी आत्या पिशवी घेऊन हजर झाली. सरांची ही धाकटी बहीण उंचीने कमी आणि आवाजाने दांडगी. सर आरामखुर्चीत पायांवर शाल घेऊन बसले होते. आत्याने दारातूनच सुरुवात केली, "काय रे दादा, एवढी वर्षं साहेबासारखा बोलत होतास, आता जमिनीवर आलास का?"

चिमी तिला अडवायला पुढे झाली. पण सर हसले. तोंडाचा एक कोपरा अजून ओढलेला होता, तरी पोट हलेपर्यंत हसले. "आलो बाई," म्हणाले. "आपटलोच."

आणि मग दोघं बसली ती दिवस मावळेपर्यंत. लहानपणच्या विहिरीपासून ते कोणा मेलेल्या म्हशीपर्यंत एक विषय सोडला नाही. चिमी चहा घेऊन आत जायची आणि कप ठेवून बाहेर यायची. बापाला इतकं भडाभडा बोलताना तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. ते काय बोलताहेत त्यातलं अर्धं तिला कळत होतं, आणि उरलेल्या अर्ध्यावर दोघं टाळ्या देत होती.

तिलाही बोलायचं होतं. सकाळी ती त्यांच्याजवळ गेली आणि मनात जुळवून ठेवलेलं वाक्य म्हणाली, "डॅडी, तुमचा पाठ दुखतो का?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत जुनी मास्तरकी चमकली. "पाठ दुखते," ते म्हणाले. "पाठ दुखतो म्हणजे धडा दुखतो. धडे मला आता काही दुखत नाहीत."

आत्या खो खो हसली. चिमीही हसली, आणि हसता हसता मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. ज्या माणसाने तिच्या इंग्रजीतला एकही शब्द चुकू दिला नव्हता, तो आता तिला आईच्या भाषेत सुधारत होता. आणि या वेळी त्याचा आवाज चढला नव्हता.

अडचणी अशा, की कधी डोक्यातही आल्या नव्हत्या. इंग्रजीत बापाला काय आणि शिपायाला काय, 'यू' हा एकच शब्द पुरतो. आता मात्र तिला ठरवायचं होतं, यांना 'तुम्ही' म्हणायचं की 'तू'? एक दिवस ती 'तुम्ही' म्हणाली, दुसऱ्या दिवशी चुकून 'तू' म्हणून गेली आणि जीभ चावली. सर म्हणाले, "तूच म्हण. मी माझ्या बापाला तूच म्हणायचो. आणि ते डॅडी नको आता, मला ते धड ऐकूही येत नाही."

"मग काय म्हणू?"

"बाबा म्हण. सोपं आहे."

त्या आठवड्यात ती त्यांना बाबा म्हणायला शिकली. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुपारची कॉलेजातून परतली की चिमी त्यांच्याजवळ बसायची. एकदा सरांनी कपाटाकडे बोट केलं. पुरानंतर आपल्या घरी परतलेल्या माणसाची एक कविता ते वर्षानुवर्षं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत. ती त्यांच्या हातखंड्याची. वर्गाबाहेरून जाणारी मुलंही म्हणे दाराशी थबकत. सरांनी पुस्तक उघडलं, पानावरून बोट फिरवलं, आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "वाच."

चिमीने वाचली. सर डोळे मिटून ऐकत होते. खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट ठेका धरत होतं, आणि जिथं जोर यायचा तिथं बरोबर पडत होतं. ती संपवून आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चाल ओळखीची आहे," सर म्हणाले. "म्हणजे काय पण?"

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. "एक माणूस असतो. पाणी येतं. मोठं पाणी. मग ते पाणी खाली जातं..."

"ओसरतं."

"ओसरतं. मग तो घरी येतो. आणि जमिनीवर सगळीकडे..." तिने हाताने थर दाखवला. "मातीच, पण ओली. पाण्याने आणलेली."

"गाळ."

"हां, गाळ. त्यात त्याला त्याच्या बायकोची..." तिला शब्द सापडेना. तिने आपल्या केसांकडे बोट केलं.

"फणी," सर म्हणाले आणि तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगली आहे गं कविता. मी शिकवायचो ही?"

"फार छान शिकवायचास."

"काय सांगायचो?"

चिमीला ते सगळं पाठ होतं. कॉलेजात असताना तीही त्यांच्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसली होती. पण ते सगळं इंग्रजीत पाठ होतं. प्रयत्न करून करून ती म्हणाली, "तू सांगायचास, की तो रडत नाही, म्हणून आपल्याला रडू येतं." सरांनी मान डोलावली. तिला वाटलं, कोणी महाराणीचा शालू मागावा आणि आपण त्यातली एक चिंधी काढून द्यावी, तसं झालं. तिच्याजवळ सरांची सगळी इंग्रजी होती आणि ती त्यांना देता येत नव्हती. त्यांच्याजवळ होती ती भाषा त्यांनी तिला दिलीच नव्हती.

तरी ते दिवस बरे गेले. रोज एक कविता व्हायची. आत्या भाजी निवडत मध्येच विचारायची, "मग त्या माणसाचं पुढं काय झालं?" आणि कवितेत पुढं काही होत नाही म्हटलं, की नाराज व्हायची.

हिवाळा संपता संपता विभागप्रमुख घरी आले. ते सरांचेच जुने विद्यार्थी, स्वभावाने भिडस्त, खुर्चीच्या टोकावर बसणारे. विभागाचा सुवर्णमहोत्सव होता. त्याच दिवशी काव्यवाचन स्पर्धा, मग सरांचा सत्कार. विदेशातल्या एका विद्यापीठाच्या बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या.

"सरांनी बोलायची काही गरज नाही, मॅडम," दाराशी निरोप घेताना ते चिमीला हळूच म्हणाले. "नुसते येऊन बसले तरी खूप झालं."

चिमीला नकार द्यायचा होता. पण आतून सरांचा आवाज आला, "मी येतो म्हणावं. एक वाक्य तरी बोलेन."

एक वाक्य ठरलं. या विभागाने मला घडवलं, मी त्याचा ऋणी आहे. इंग्रजीत ते मोजक्या शब्दांचं होतं. चिमीने ते घरच्या लिपीत मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवलं आणि रोज सकाळी, कॉलेजात जाण्याआधी, जेवणाच्या टेबलाशी तालीम सुरू झाली. सर टेबलाला हात टेकून उभे राहत. पहिले तीन शब्द येत. चौथ्याला जीभ अडखळे. कधी चौथा येई तर पहिला निसटे. सर घामेघूम होत, पण बसत नसत.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी चिमीला उशीर झाला होता. सभागृहाचं बघायचं होतं, पाहुण्या बाईंना आणायला गाडी पाठवायची होती. ती पर्समध्ये पेन शोधत होती. सर चौथ्या शब्दावर पुन्हा घसरले.

"पुन्हा," चिमी वर न बघता म्हणाली.

काही ऐकू आलं नाही म्हणून तिने मान वर केली. सर तिच्याकडे बघत होते. कोणी अचानक थोबाडीत मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुझ्या आईला मी असंच म्हणायचो," ते म्हणाले. "इथंच. ती इथंच उभी असायची."

"बाबा, मला उशीर होत होता, म्हणून..."

"मलाही उशीरच होत असायचा," सर म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी करडा कोट घालून सर पहिल्या रांगेत मधोमध बसले. एका बाजूला पाहुण्या बाई, दुसऱ्या बाजूला चिमी. आत्या मागे, दाराजवळ. स्पर्धा सुरू झाली. मुलं एकामागून एक येऊन वाचत होती. चिमीचं अर्धं लक्ष सरांकडे होतं. एका मुलाने विनोदी कविता वाचली आणि सभागृह हसलं. सरही हसले, पण जरासे उशिरा, इकडेतिकडे बघून. टाळ्या पडल्या की तेही टाळ्या वाजवत, आणि बाकीचे थांबले की दचकून थांबत. मध्येच त्यांनी मान वळवून मागे, दाराकडे पाहिलं. आत्याला शोधत असतील, असं चिमीला वाटलं. ते पुन्हा वळले. मग आणखी एकदा.

सत्कार झाला. सर माईकपाशी गेले. चिमी ओठांनी ते वाक्य पुटपुटत होती. सरांनी तोंड उघडलं, पहिला शब्द आला, दुसरा आला, आणि ते थांबले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरच्या भाषेत बोलायला लागले.

"मुलांनो, एक वाक्य घोकून आलो होतो, ते आलं नाही. तुम्ही छान वाचलं असणार. तुमचे चेहरे छान दिसत होते. मला मात्र त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तुम्ही हसलात की मी हसत होतो. मग माझ्या लक्षात आलं, की असं हसणारं माणूस मी बघितलंय. माझी बायको दर वर्षी या कार्यक्रमाला यायची. तिथं, दाराजवळ बसायची. अशीच हसायची, दुसऱ्यांचं बघून, उशिरा. घरी गेल्यावर मी तिला विचारायचो, कसं झालं माझं भाषण? ती म्हणायची, छान झालं. मी मनात म्हणायचो, हिला काय कळतंय? तिला इथं बसून काय वाटत असेल, हे काही मी कधी विचारलं नाही. तिच्या घरात मी तिला मुकी केली. आता ती नाही, तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही ही भाषा जीव लावून शिका. मीही लावला. पण त्यापायी घरातल्या कुणाचं तोंड बंद करू नका. एवढंच."

पाहुण्या बाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. विभागप्रमुख उठले, गोंधळले आणि चिमीकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा इंग्रजीत सांगाल का, सर काय म्हणाले ते?"

चिमी उठली. माईकपर्यंत पोचेतो तिच्या डोक्यात प्रत्येक वाक्य इंग्रजीत तयार होतं. शब्दांची अडचण तिला त्या भाषेत कधीच नव्हती. तिने सभागृहाकडे पाहिलं, तिच्या वर्गातली मुलं, तिचे सहकारी, आणि दाराजवळच्या खुर्च्या. स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभी असलेली आई तिला दिसली, आणि दप्तर टाकून तिला फटाफट इंग्रजीत उत्तर देणारी पोरही दिसली.

"सरांना भरून आलं आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "ते विभागाचे आभार मानतात आणि विद्यार्थ्यांना शुभेच्छा देतात."

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागे बाकीच्यांनीही वाजवल्या, पण जेमतेम. त्या सभागृहात पाहुण्या बाई, सर आणि आत्या सोडल्या तर प्रत्येकाला दोन्ही भाषा येत होत्या. सर काय बोलले आणि मॅडमनी त्याचं काय केलं, हे शेवटच्या बाकावरच्या पोरालाही कळलं होतं. कळलं नव्हतं ते सरांना. ते चिमीकडे बघून समाधानाने मान डोलावत होते, आपली मुलगी आपलं म्हणणं नीट पोचवतेय म्हणून.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "त्या पाहुण्या बाईंना कळलं ना?"

"हो," चिमी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

घरी पोचून चपला काढता काढता आत्या म्हणाली, "मला मेलीला इंग्रजी येत नाही, पण मोजता तर येतं. दादा केवढा बोलला, आणि तू दोन वाक्यांत कसं उरकलंस गं चिमे?"

सर कोटाची बटणं काढत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मुलीकडे पाहिलं, आणि शिकवणाऱ्या माणसाला समोरच्याचा चेहरा वाचायला भाषा लागत नाही.

"असू दे," ते बहिणीला म्हणाले. "तिच्या आईची गोष्ट ती. चारचौघांत कशाला पाहिजे?"

रागाचा एक शब्द नाही, की आवाजात फरक नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी पुस्तक घेऊन बसली, तर ते म्हणाले, "आज राहू दे." त्याच्या पुढच्या दिवशीही राहू दे. मग चिमीने पुस्तक आणणंच सोडलं. वाचा-उपचाराच्या बाईंनाही सरांनी स्वतःच सांगितलं, की आता येऊ नका, तुमचा वेळ कशाला घालवता? आत्याशी बोलत, पण पहिल्यासारखं नाही. खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं बघत.

चिमीला रोज वाटे, आज सांगू. मला लाज वाटली, तुझी नाही, माझी, एवढंच सांगायचं होतं. वाक्य जुळवून ती खोलीत जायची आणि औषध देऊन परत यायची.

परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरी आले त्या सुमारास, एका सकाळी, सर उठलेच नाहीत. दुसरा झटका पहिल्यापेक्षा जबर होता. जीव वाचला, पण या वेळी त्याने उरलेली भाषाही नेली. डोळे उघडे, नजर माणसाच्या मागे फिरणारी, डावा हात हलणारा. तोंडातून मात्र एकही शब्द नाही. त्यांना समजतंय का, असं चिमीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

तिने रजा टाकली. आत्या अंग पुसायची, कूस बदलायची. चिमी उशाशी बसून बोलायची. चुकत माकत, शब्द न सापडला तर आत्याला विचारून. आज कोणाचा फोन आला, दुसऱ्या वर्षाला नवीन काय लावलं, समोरच्या दुकानाला कुठला रंग दिला. जन्मभरात बापाशी जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या उन्हाळ्यात बोलली. सर तिच्या ओठांकडे बघत राहत.

एका संध्याकाळी आत्या भाजी आणायला गेली होती. चिमीने बापाचा डावा हात हातात घेतला आणि ते भाषण त्यांना इंग्रजीत म्हणून दाखवलं. सगळं. दाराजवळची खुर्ची, उशिराचं हसू, कसं झालं माझं भाषण, छान झालं. सरांनीच तिला शिकवलेल्या त्या इंग्रजीत, सावकाश, कुठंही न अडखळता.

मग घरच्या भाषेत म्हणाली, "बाबा, तेव्हा हे सांगायला हवं होतं. मला लाज वाटली. तू तिला गप्प केलंस, पण मीही तिच्याशी तिच्या भाषेत कधी बोलले नाही. ती वाट बघायची."

सरांचे डोळे तिच्यावर होते. त्यांना काय पोचलं, काही पोचलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. पण त्या आजारात डोळे तसेही गळत, आणि आत्या ते दिवसातून चार वेळा पुसायची. चिमीने ते पुसलं आणि हात हातात धरून ती बसून राहिली.

कॉलेज उघडण्याआधीच सर गेले.

विभागात शोकसभा झाली. सगळे त्यांच्या इंग्रजीबद्दल बोलले. त्यांच्या शेवटच्या भाषणाचा विषय कोणी काढला नाही. सभा संपल्यावर विभागप्रमुख चिमीजवळ आले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मॅडम, त्या दिवशी तुम्हाला उठवायला नको होतं," म्हणाले. "मलाही ते सांगता आलं असतं. माझी हिंमत झाली नाही." चिमी म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही."

आत्या महिनाभर राहिली आणि आपल्या घरी गेली. जाताना म्हणाली, "चल माझ्याकडे, एकटी काय करशील इथं?" पण वर्ग सुरू झाले होते, तिला जाता आलं नाही.

आता दर रविवारी सकाळी चिमी आत्याला फोन करते. सांगण्यासारखं फारसं नसतं. काय जेवलीस, गुडघे काय म्हणतात, असलंच. इंग्रजीचा एकही शब्द येऊ द्यायचा नाही असं तिने मनाशी ठरवलंय, त्यामुळे मध्येच वाक्य अडतं आणि ती शब्द शोधत गप्प होते. पलीकडून आत्या काही सुचवत नाही. घाईही करत नाही. नुसती म्हणते, "मी आहे गं. बोल सावकाश."